साडेअकरा फुटांवरचं युगुलगीत

लाइनमनकाकांनी स्पीकर घेतले हे मला जिन्यात कळलं. दोन खोकी वळणावर अडकली होती. एकेक खोकं माझ्या खांद्याला लागेल एवढं उंच. वरच्या पायरीवर काका, खालच्या पायरीवर दुकानाची दोन माणसं, आणि मध्ये मी, हातात दुधाची पिशवी.

"साहित्यिक, बघत काय उभा राहिलास? हात लाव."

"काय आहे यात?"

"टॉवर स्पीकर."

मी हात लावला. खोकी वर पोचल्यावर थक्क झालो. आधी फुरसत नव्हती.

काका टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं होते. खांबावर चढले, खड्ड्यात उतरले, तारा जोडल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना लाइनमनच म्हणतात. मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहतो. साहित्यात एम.ए. केलं आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणून मी साहित्यिक. या नावात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी कधी तपासलेलं नाही.

काका चपलेला तिसऱ्यांदा टाके घालून आणणारे. पुडक्याची सुतळी सोडवून तिची गुंडाळी करून ठेवणारे. आणि गाण्याचं म्हणाल, तर घरात गाणं लागलं की ते उठून नळ तपासायला जायचे. अशा माणसाने कंबरेच्या वर येणारे दोन स्पीकर घ्यावेत, म्हणजे मांजराने पंचांग घेण्यासारखं होतं.

त्यांच्याकडे एक वही होती. खात्यातून येताना कोरी उरलेली, लांबट, तक्रारींची. चार रकाने: तक्रार, तपास, दोष, निवारण. घरातलं काहीही बिघडलं की काका त्यात लिहीत. 'नळ गळतो. तपास केला. दोष: वायसर. निवारण: झालं.' मुलगी आठवीत गणितात नापास झाली तेव्हाचीही नोंद होती. दोषाच्या रकान्यात 'सापडला नाही' असं होतं. निवारणात 'शिकवणी'.

या वहीतलं त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य मला पाठ होतं. 'लाइन ठीक. दोष ग्राहकाच्या बाजूला.' खांबावरून तपासलं आणि तार चांगली निघाली की लाइनमन हे लिहितो आणि सुटतो. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

"एका बाईंच्या फोनवर सारखी खरखर," त्यांनी एकदा सांगितलं होतं. "चार वेळा गेलो. लाइन ठीक. पाचव्यांदा बघतो तर काय, आतल्या खोलीतला जोडफोन उचलून नवरा ऐकत बसलेला! काय एकेक माणसं असतात रे." आणि खूप हसले होते.

खोकी उघडली. थर्मोकोल निघाला, पिशव्या निघाल्या, आणि दोन काळे, चकचकीत खांब हॉलमध्ये उभे राहिले. खाली टोकदार पाय होते. फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून काकांनी त्यांच्याखाली जुनी नाणी ठेवली. बोटाने ठोकून बघितलं. भरीव वाजलं. "खांब चांगला आहे," ते म्हणाले. खांबाबद्दल त्यांचं मत मानायलाच हवं.

स्वयंपाकघराच्या दारात काकू हात पुसत उभ्या होत्या. त्याही टेलिफोनवाल्याच. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अजूनही बोलताना प्रत्येक शब्द सुटा पडतो, आकडा सांगितल्यासारखा.

"अहो, हे जावई किती दिवस उभे राहणार? बसा म्हणावं."

"तुझ्यासाठी आणलेत," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. असं वाक्य त्या घरात पूर्वी बोललं गेलं नसावं.

तारा जोडायचं काम काकांनी कोणाला करू दिलं नाही. अॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरला एक दुहेरी तार. त्यातल्या एकीवर लाल रेघ, आणि स्पीकरच्या पाठीवर एक लाल आणि एक काळा स्क्रू. पक्कड, सुरी, दोन मिनिटांत सगळं चोख. सोलणं असं की तांब्याचा एक केस तुटला नाही.

"लाल लालला लावायची ना?" मी विचारलं.

"रंग कोणासाठी असतात? जोडी ओळखायला. जोडीतली कुठली तार कुठे, हे कोणी विचारत नाही. दोन तारा भेटल्या, बोलणं सुरू. बत्तीस वर्षांत एक फोन उलटा बोलला नाही."

माझी विद्या वेगळी.

मुलीने एक जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती. काकांनी दुसरं काही लावलंच नाही. काकूंना मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खिडकीपाशी उभे राहिले. नळ तपासायला गेले नाहीत.

युगुलगीत होतं. आधी पुरुष, मग बाई. तो बाईचा आवाज आला आणि मी काकूंकडे वळलो. त्यांनी मान खाली घातली होती, पण कान लाल झाले होते.

"काकू, तुम्ही?"

"पस्तीस वर्षं झाली. कर्मचाऱ्यांची स्पर्धा होती. पहिलं बक्षीस. रेडिओवर लागलं होतं."

"आणि हे कोण?"

"आमच्या एक्स्चेंजमधले टायपिस्ट."

"गवई," काका खिडकीतून म्हणाले. शिवी याहून कमी अक्षरांत बसत नाही.

गाणं संपलं. काकूंनी डोकं हलवलं. "पोकळ येतंय. विहिरीतून गातेय असं वाटतं. एवढे मोठे खांब आणि धमक कशी नाही?"

"नवे आहेत. मोकळे व्हायला शंभर तास लागतात. दुकानदार म्हणाला."

मग शंभर तास मोजणं सुरू झालं. घरात कोणी नसलं तरी स्पीकर चालू. बातम्या, हवामान, रताळ्याच्या लागवडीवरचं व्याख्यान. काकू बाजारातून येत तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये कोणीतरी दातांची निगा समजावून सांगत असे.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला गच्चीत गाठलं. कपडे वाळत घालत होतो.

"काल तुला तो कुठे ऐकू आला?"

"कोण?"

"गवई. डावीकडे की उजवीकडे?"

मी आठवून बघितलं. आवाज सगळीकडून आणि कुठूनच नाही असा येत होता. पण त्याचा भारी आवाज जरा भिंतीकडे रेंगाळत होता, काकूंचा दाराकडे. की काकांच्या चेहऱ्याकडे बघून मला तसं वाटलं?

"तो भिंतीकडे असावा."

"आणि ती?"

"दाराकडे."

काकांनी श्वास सोडला. माझ्या बादलीतला शर्ट उचलून स्वतः पिळला आणि दोरीवर टाकला.

"ऐक. कोणाला सांगायचं नाही. त्या दिवशी सभागृहापासून रेडिओ केंद्रापर्यंतची लाइन मीच ओढली होती. लग्न व्हायचं होतं आमचं. ठरलंही नव्हतं. मी मागे बसून टेस्टिंगच्या फोनवर ऐकत होतो, लाइन चांगली आहे का म्हणून. स्टेजवर मायक्रोफोन एक. गाणारे दोन. दोघांची डोकी अशी." त्यांनी दोन मुठी एकमेकींना चिकटवून दाखवल्या. "मी ओढलेल्या लाइनवरून, माझ्याच कानात."

"पण काका, लग्न तर तुमच्याशी झालं."

"झालं. आणि ती कॅसेटसकट आली. आमचा टेपरेकॉर्डर एका स्पीकरचा. एका भोकातून दोघं. चौतीस वर्षं महिन्यातून एकदा तरी लागतं ते गाणं."

"ते टायपिस्ट आता असतात कुठे?"

"बदली घेऊन गेला. लग्नानंतर दोनच वर्षांनी. नातवंडं असतील. तोंडात दात नसतील त्याच्या."

"मग?"

"कॅसेटमध्ये आहेत ना."

मी बादलीतला दुसरा शर्ट पिळायला घेतला.

मग दुकानाची गोष्ट निघाली. काका इस्त्री घ्यायला गेले होते. शेजारच्या काचेच्या खोलीत विक्रेता कोणाला तरी स्पीकर ऐकवत होता. काका आत डोकावले. गाणं दोघांचं होतं, पण पुरुष खिडकीपाशी गात होता आणि बाई दरवाजापाशी. मध्ये अख्खी खोली रिकामी. काकांनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला: "दोघांमध्ये किती फूट?" विक्रेता म्हणाला, "साहेब, तुम्ही ठेवाल तेवढं." इस्त्री राहून गेली.

मी थक्क होऊन ओले हात तसेच धरून उभा होतो. बायकोला भेट म्हणून आणलेली ती वस्तू एका न दिसणाऱ्या माणसाला घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं करायला आणली होती.

खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटला. चौतीस वर्षांनंतर कोणी एवढं जळेल असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं.

त्यानंतर अंतर वाढू लागलं. पहिल्या दिवशी सहा फूट होतं. तिसऱ्या दिवशी आठ. काका टेप लावून मोजत आणि मला हाक मारत. "साहित्यिक, फूटभर अजून." मी एक टोक धरून सरकवत असे. नाणी पुन्हा मांडायची. मग गाणं लावायचं. मग काका खुर्चीत बसून डोळे मिटणार, आणि मान आधी भिंतीकडे नि मग दाराकडे वळवणार, रस्ता ओलांडताना वळवतात तशी.

रोज नवा प्रश्न. पुढचं कापड काढलं तर फरक पडेल का? डावा जरा तिरका केला तर? तो मोठ्याने गातोय, एकाच बाजूचा आवाज कमी करता येतो का?

"त्याने काकूंचा आवाज कमी झाला तर?"

"का होईल? ती त्या खांबात आहे."

दहाव्या दिवशी अंतर साडेअकरा फूट झालं. डावा खांब भिंतीला टेकला. उजवा स्वयंपाकघराच्या दारात गेला. आता काकूंना आत-बाहेर करताना अंग चोरावं लागे. हातात पातेलं असलं की आणखीच.

"अहो, जावई दारात उभा केलात ते ठीक. पण मी बाहेर कशी येऊ?"

"येतेस की."

"तिरकी येते. खेकड्यासारखी."

"पुस्तिकेत तसं लिहिलंय," काका म्हणाले. पुस्तिका त्यांनी उघडलीही नव्हती. तिच्यावर चष्मा ठेवत.

चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी, काकूंनी मला बोलावलं. बोलावलं म्हणजे साक्षीला. त्या मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. टीपॉयवर दुकानाची पावती होती.

"पंधरा दिवसांत परत घेतात असं यावर छापलंय. उद्या पंधरावा. मी टेपरेकॉर्डर काढून ठेवलाय. त्यात मी माझ्यासारखी ऐकू येते. यात कोणीतरी डबा वाजवतंय."

"अगं, शंभर तास..."

"काल एकशे बारा झाले. मी मोजलेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉल मोजले, हे नाही मोजता येणार?"

कपाटावरचा टेपरेकॉर्डर खरंच खाली आला होता. एका स्पीकरचा. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खांब परत गेले की दोघं पुन्हा त्या एका भोकात. पुन्हा डोक्याला डोकं.

"साहित्यिक," ते म्हणाले, "तू पुस्तकं वाचून पास झालास ना? हे वाच. यात दोष शोध. आज संध्याकाळपर्यंत धमक आली पाहिजे."

मी चष्मा बाजूला केला आणि पुस्तिका वाचली. मुद्रितशोधकाला वाईट सवय असते, तो पहिल्या पानापासून वाचतो. बाराव्या पानावर सापडलं. आवाज पोकळ येत असेल, खर्ज नाहीसा झाला असेल आणि गाणारा कुठे उभा आहे ते कळत नसेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या आहेत.

मी ते मोठ्याने वाचलं. वाचू नये असं वाटत होतं. पण काकू समोर होत्या.

काका उठले. दारातल्या खांबामागे वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. लाल रेघेची तार काळ्या स्क्रूला होती.

"टेलिफोनला चालतं," ते म्हणाले. एवढंच. बत्तीस वर्षांची विद्या एवढ्याशा वाक्यात मावली.

त्यांनी तारा सोडवल्या, फिरवल्या, आवळल्या. हात नेहमीसारखे चोख होते. गाणं लावलं.

पहिल्याच सुराला जमीन मिळाली. तबला पोटात वाजला. आणि टायपिस्ट भिंतीपाशी नव्हता. काकूही दारापाशी नव्हत्या. दोघं बरोबर मधोमध उभे होते. दोन्ही खांब मुके वाटत होते आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खाली, दोघं खांद्याला खांदा लावून गात होते. मायक्रोफोन एकच होता. तो एकच राहिला. साडेअकरा फुटांनी काही बिघडलं नाही.

काकूंनी डोळे मिटले. "ही मी," म्हणाल्या.

काका तार धरून तसेच उभे. मी दुसरीकडे बघायला हवं होतं. बघितलं नाही.

दुसरं कडवं आलं. टायपिस्ट वरच्या सुरात गेला. काकांची मान एकदम वर झाली. गाणं त्यांना कळत नाही. पण बत्तीस वर्षं त्यांनी फोनचा टोन ऐकलाय. केसभर हलला तरी कळतो.

"थांब. मागे घे."

मी मागे घेतलं. पुन्हा तीच ओळ.

"उतरला! टोन उतरला त्याचा! ऐकलंस? बेसूर आहे गवई!"

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "पहिलं बक्षीस म्हणे! पस्तीस वर्षं मला वाटत होतं..."

आणि ते थांबले. स्वतःच पुढे होऊन गाणं परत मागे घेतलं. त्या ओळीनंतर काकूंचा आवाज येतो. तो ऐकला. पुन्हा ऐकला. हसू हळूहळू ओसरलं.

"तूही उतरलीस," ते म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले. "कळलं वाटतं."

"मुद्दाम?"

"घसा बसला होता बिचाऱ्याचा. सकाळपासून गुळण्या करत होता. वर गेला आणि राहिना. मी माझ्या सुरात राहिले असते तर उघडा पडला असता. मग मीही जराशी खाली आले. दोघं बरोबर उतरले की कोणाला कळत नाही."

"मला कळलं."

"पस्तीस वर्षांनी."

काका खुर्चीच्या हातावर बसले. शत्रू बेसूर निघाला होता, पण त्याचं सुख अर्धा मिनिटही टिकलं नाही.

"म्हणजे तू त्याला सांभाळून घेतलंस."

"घेतलं."

"सगळ्यांसमोर. माझ्या लाइनवर."

काकूंनी पावती उचलली, तिची बारीक घडी घातली आणि म्हणाल्या, "त्याला तीन मिनिटं सांभाळलं. तुम्हाला चौतीस वर्षं सांभाळतेय. तुमची कॅसेट कोणी काढली नाही, त्याला मी काय करू?"

मी पुस्तिकेत तोंड घातलं. तेरावं पान वॉरंटीचं होतं.

"परत करायचे ना मग?" काकांनी विचारलं. खालच्या आवाजात.

"आता कशाला? आता कुठे मला मी ऐकू येतेय. पण आधी तो जावई माझ्या दारातून हलवा. सहा फूट पुरे."

आम्ही खांब सरकवले. काकांनी टेप काढला नाही. मग काकूंनी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, स्वतः बाजूला बसल्या, आणि गाणं पहिल्यापासून लावलं. नळ तपासायला जायची सोय नव्हती. काकूंचा हात त्यांच्या मनगटावर होता. तो प्रेमाने होता की पळू नये म्हणून, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कडव्याला काकांचा जबडा आवळला. चौथ्यांदा ऐकतानाही आवळला.

मी निघालो तेव्हा ते वहीत लिहीत होते. मला बोलावून दाखवलं. मुद्रितशोधक म्हणून.

'तक्रार: आवाज पोकळ. तपास: केला. दोष: तारा उलट. निवारण: झालं.'

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"खालचं वाच."

खाली, त्याच तारखेला, दुसरी नोंद होती.

'तक्रार: तो अजून मध्येच उभा आहे. तपास: स्टेजपासून घरापर्यंत केला. लाइन ठीक. दोष ग्राहकाच्या बाजूला.'

निवारणाचा रकाना कोरा होता. काका पेन उघडं धरून त्याच्याकडे बघत बसले होते. काकू मागून आल्या, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. मग पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि ऑपरेटरच्या सुट्या, स्वच्छ अक्षरात त्या रकान्यात लिहिलं, 'काम चालू आहे.'